दारुहळदीतला घटक यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारतो म्हणे, म्हणजे नक्की काय होतं?

रामबागची_मृणाल

नमस्कार. प्रश्न अर्धा घरातला, अर्धा विज्ञानाचा आहे. कुठे विचारावा कळेना, म्हणून इथे विचारते.

माझे काका, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ६९, इथेच इंदूरला लोकमान्य नगरात राहतात. १९८६ साली अपघातानंतर त्यांना रक्त चढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी हेपेटायटिस सी निघाला. गोळ्यांचा कोर्स झाला, विषाणू गेला, पण तोवर सिरॉसिस, म्हणजे यकृत आतून व्रणांनी घट्ट होणं, झालेला होता. आता दिवाळीनंतरच्या सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली. सीटी झाला. गाठ एकच आहे. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून थेट गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडू आणि ती वाहिनी बंद करू.

अण्णांचं सगळं धाकटी आत्या बघते. तिला कुणीतरी फोनवर बातमी पाठवली: ‘दारुहळदीतल्या बर्बेरिनमुळे यकृताच्या कर्करोगाच्या पेशी आत्महत्या करतात.’ तेव्हापासून, म्हणजे तीन आठवडे, ती त्यांना रोज सकाळी दारुहळदीचा काढा, दोन वेळा बर्बेरिनच्या गोळ्या आणि वर हळद-मिऱ्याची कॅप्सूल देते आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मला शपथ घातली आहे.

मी कॉमर्सवाली. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की पेशी आत्महत्या करते म्हणजे काय करते, हे खरं आहे का, आणि खरं असेल तर डॉक्टर हेच का देत नाहीत?

सांजवात

मृणाल, वाचून जीव कालवला. अण्णांना आराम पडो. मला उत्तर माहीत नाही, धागा वर राहावा म्हणून लिहिते आहे.

जिरावण

माझं मत वेगळं आहे. १९९४ साली माझ्या आजोबांना कावीळ झाली तेव्हा दारुहळद आणि कुटकी यांवरच ते उठले. सियागंजातून पुड्या आणायला मीच जायचो. वनस्पतीत ताकद नसती तर प्रयोगशाळांनी तिच्यामागे वर्षं का घालवली असती? आत्यांना अडवू नका. घरातल्या माणसाच्या हातचं औषध, त्याची उमेद वेगळी असते.

राजवाडा_६२

जिरावण भिया, कावीळ आणि कर्करोग यांत फरक आहे. दूषित पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. आजोबा काढ्यानं बरे झाले की काढा चालू असताना बरे झाले, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

जिरावण

असेल तसं. पण मी त्यांचे पिवळे डोळे पांढरे होताना पाहिलेत.

पेट्रीडिश

मृणालताई, मी बडोद्याची. सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्र केलं आणि पुढे काही वर्षं यकृताच्या पेशींवरच काम केलं. बर्बेरिन स्वतः हाताळलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘आत्महत्या’. पेशी मुख्यतः दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे भाजलं, ठेचलं, रक्त तुटलं की ती फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. दुसरी तऱ्हा शिस्तीची. पेशी आक्रसते, आतला डीएनए ठरावीक मापांत कापते, स्वतःचे लहान लहान पुडे बांधते आणि बाहेरच्या आवरणावर ‘मला उचला’ अशी खूण लावते. शेजारच्या पेशी ते पुडे गिळतात. सांडलवंड नाही, सूज नाही.

या दुसऱ्या मरणाला अपोप्टोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. वादळानं फांदी मोडते ती वेगळी, आणि झाड देठाशी स्वतःच पदर बंद करून पान सोडतं ते वेगळं. हे नाव १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी एका लेखात दिलं, आणि केर यांना हे मरण पहिल्यांदा जाणवलं ते उंदराच्या यकृतात. यकृताकडे जाणाऱ्या शिरेची एक फांदी बांधली, तर काही पेशी फुटण्याऐवजी गपचूप आक्रसून जाताना दिसल्या. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं मूळच यकृतात आहे.

आपल्या शरीरात हे रोज अब्जावधी पेशींत चालतं. कर्करोगाची पेशी हीच पानगळ नाकारते. मरणाला अटकाव करणारी बीसीएल-२ सारखी प्रथिनं ती वाढवून ठेवते, पी-५३ नावाचा पहारेकरी अनेकदा निकामी झालेला असतो.

आता बर्बेरिन. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आतून ऋणभारित असतात, त्यामुळे बर्बेरिन तिकडे ओढलं जातं. तिथे ते ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीची पहिली कडी अडवतं. घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात, पडद्यावरचा विद्युतदाब उतरतो, पडद्याला भोकं पडतात आणि आतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर येतं. एरवी ऊर्जेच्या कामातलं हे साधं प्रथिन. पण ते बाहेर दिसलं की पेशी त्याला मरणाची दवंडी समजते. कास्पेज-९ जागं होतं, ते कास्पेज-३ ला जागं करतं, आणि कास्पेज-३ म्हणजे कात्री. तिथून परत फिरणं बहुतेक नसतंच.

बर्बेरिन स्वतः चमकतं. सूक्ष्मदर्शकाखाली योग्य प्रकाश टाकला की ते पेशीत कुठे बसलंय ते दिसतं. कमी प्रमाणात मायटोकॉन्ड्रियाचे धागे उजळतात, प्रमाण वाढवलं की केंद्रकही उजळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मैत्रिणीला हाक मारून बोलावलं होतं, इतकं ते सुंदर होतं.

तर बातमी खोटी नाही. पण ती प्रयोगशाळेतल्या ताटलीतली बातमी आहे. पुढचं रात्री लिहिते, मुलीला क्लासला सोडायचंय.

सांजवात

पानगळ! किती नेमका शब्द. वाट बघते.

गणिताचे_मास्तर

पेट्रीडिश, ताटलीत किती घालता आणि काढ्यातून किती जातं, एवढं सांगा. बाकीचा हिशोब मी करतो.

पेट्रीडिश

मास्तर, ताटलीतल्या पेशी मारायला साधारण ५० मायक्रोमोलरच्या आसपासची मात्रा बऱ्याच प्रयोगांत वापरली जाते. बर्बेरिनचा रेणूभार ३३६. आणि माणसानं ४०० मिलिग्रॅम गिळल्यावर रक्तद्रवात मोजलेली सर्वांत वरची पातळी दर मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आसपास आहे.

गणिताचे_मास्तर

५० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला १६.८ मिलिग्रॅम, म्हणजेच मिलिलिटरला १६,८०० नॅनोग्रॅम. रक्तात मिळतात ०.५. भागाकार ३३,६००. मी दोनदा केला. ताटलीत जेवढं असतं त्याच्या तेहतीस हजाराव्या भागाहूनही कमी.

राजवाडा_६२

हा आकडा बातमीच्या मथळ्यात हवा होता.

पेट्रीडिश

हिशोब बरोबर, पण एक गोष्ट दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवी. उंदरांत पाहिलंय की बर्बेरिन रक्तापेक्षा यकृतात बरंच जास्त साठतं. म्हणजे यकृतापुरती दरी याहून कमी असणार. तरी आतड्यातून एक टक्कासुद्धा आत जात नाही. आतड्याच्या पेशी त्याला परत बाहेर ढकलतात आणि जे आत येतं त्याचं यकृत लगेच रूपांतर करतं.

आणखी एक. यकृताच्या कर्करोगाच्या पुष्कळ प्रयोगांत हेप-जी-टू नावाच्या पेशी वापरतात. त्या १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आल्या. पुढे नीट तपासल्यावर ती गाठ मोठ्यांच्या यकृत-कर्करोगाची नसून हेपॅटोब्लास्टोमा या लहान वयातल्या प्रकाराची होती असं ठरलं. अण्णांची गाठ सिरॉसिस झालेल्या यकृतातून, चाळीस वर्षांच्या जखमेतून उठलेली. ताटलीत त्या पेशींच्या शेजारी ना सिरॉसिस असतो, ना दुसरा कुठला अवयव.

ताटलीत पेशी मारणं अवघड नाही. मिठाचं पाणीसुद्धा मारतं. शेजारची चांगली पेशी जगवून फक्त वाईट मारायची, आणि तीही माणसाच्या आत, यासाठी सगळा जन्म जातो.

नर्मदाजळ

मला हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलबद्दल लिहायचंय. माझ्या यजमानांचं यकृत फॅटी होतं. ओळखीतून कुणी सुचवलं म्हणून त्यांनी अशा कॅप्सूल तीन महिने घेतल्या. ‘हळदच तर आहे’ म्हणून मीच दुधाबरोबर द्यायचे. एके दिवशी अंघोळीनंतर आरशात बघून म्हणाले, डोळे बघ गं. रक्तात कावीळ मोजतात ते बिलिरुबिन ९ निघालं. व्हायरसच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला लावल्या, दोन महिन्यांत सगळं जागेवर आलं. ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मृणाल, आज सांग डॉक्टरांना. शपथेचं पाप मी माझ्यावर घेते.

पेट्रीडिश

नर्मदाजळ, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. असे रुग्ण भारतात आणि बाहेरही नोंदले गेलेत. मिरी का घालतात ते सांगते. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं दिलं तर फारसं शोषलं जात नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर माणसात शोषण वीसपट वाढतं. कारण पिपरिन आतड्यातली आणि यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं. ती यंत्रणा फक्त हळदीपुरती मंदावत नाही, बाकीच्या औषधांसाठीही मंदावते. बर्बेरिनही त्याच एन्झाइमांना अडवतं. अण्णांना पुढे यकृताच्या कर्करोगावरची सोराफेनिबसारखी गोळी लागली तर तीही त्याच वाटेनं मोडली जाते.

आमटीतल्या हळदीबद्दल हे नाही. ती खुशाल घाला.

वैद्य_शरयू

मी वैद्य आहे, ग्वाल्हेरला २२ वर्षं चिकित्सालय आहे. दोन्ही बाजूंना काही सांगायचंय.

आमच्या ग्रंथांत बर्बेरिन नाही, दारुहरिद्रा आहे. तिच्या काढ्यापासून केलेलं रसांजन आहे, ज्याला आपल्याकडचे पंसारी रसोत म्हणतात. कामलेत म्हणजे काविळीत, डोळ्यांच्या विकारांत, जुन्या अतिसारात आम्ही वापरतो. ती देताना रोग्याची नाडी, अग्नी, बळ बघतो, दिवस मोजतो, थांबवतो. मुळातून एकच रसायन काढून त्याची ५०० मिलिग्रॅमची गोळी करायची आणि तिला आयुर्वेद म्हणायचं, हे मला मान्य नाही. ते आधुनिक औषधच झालं, फक्त आधुनिक तपासणी न झालेलं.

आणि जिरावण, तुमच्या आजोबांच्या वैद्यांचा अपमान मी करणार नाही. पण सिरॉसिस आणि गाठ असलेला रुग्ण माझ्याकडे आला तर मी आधी यकृताच्या तपासण्यांचा कागद मागते आणि त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काढाही देत नाही. पिवळं लाकूड बाजारात एकाच झाडाचं येत नाही, हेही लक्षात घ्या. हिमालयातली खरी दारुहळद, दक्षिणेतली मरमंजळ नावाची वेल, सगळं एकाच नावानं विकलं जातं.

आत्यांना माझा नमस्कार सांगा. तीन आठवडे पहाटे उठून काढा उकळणारी बाई आहे ती. तिच्याशी बोलताना हे विसरू नका.

मिसळ_मोहरा

वैद्यताई, शेवटच्या ओळीसाठी +१.

जिरावण

मान्य. पण माझा प्रश्न उरतोच. वनस्पतीतून कर्करोगाचं एकतरी औषध आलंय का, की सगळं ताटलीतच राहिलं?

कान्हेकाठी

आलंय की! अवांतर होईल, पण मला हा विषय फार प्रिय आहे.

दारात सदाफुली आहे ना? तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन आली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही मुख्य औषधांपैकी आहे. कॅनडातले संशोधक तिचा पाला मधुमेहासाठी तपासत होते, साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यांनी ते नजरेआड केलं नाही.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, दुर्गंधामुळे हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन आहे. ते रसायन पहिल्यांदा चिनी झाडातून १९६६ साली वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे! शिक्षण मुंबईत, पुढे अमेरिकेत. याच दोघांनी १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना मांडली. आज जगात लाखो बायकांना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात जे औषध मिळतं त्यामागे नंदुरबारचा माणूस आहे, हे आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवं.

आणि माळव्याचं सांगायचं तर आपल्या नीमच-मंदसौरच्या अफूत नॉस्कॅपिन असतं, खोकल्याच्या औषधात जातं. तेही पेशी विभागताना लागणाऱ्या नळ्यांना चिकटतं आणि ताटलीत कर्करोगाच्या पेशींना पानगळीला लावतं. आपल्या शेतातल्या पिकात हे आहे!

जिरावण

म्हणजे शेवटी झाडच ना!

पेट्रीडिश

हो, झाडच. पण वर्षं बघा. कॅम्प्टोथेसिन सापडलं १९६६ ला. १९७० च्या दशकात माणसांवर दिलं, मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, प्रयोग थांबवावे लागले. मग कुणीतरी शोधलं की ते डीएनएची पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला धरतं. रेणू थोडा बदलला आणि १९९६ साली इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कर्करोगाची औषधं अमेरिकेत मंजूर झाली. मध्ये तीस वर्षं. त्या तीस वर्षांत कुणी नरक्याचा काढा प्यायला असता तर त्याला औषध मिळालं नसतं, विष मिळालं असतं. बर्बेरिन त्या वाटेवर फार मागे आहे. कदाचित त्याचा एखादा बदललेला भाऊ पुढे जाईलही. मी ते मनापासून इच्छिते, माझी चार वर्षं त्यात गेली आहेत.

शेतावरची_माई

तुमचं सगळं समजलं नाही, पण एक विचारते. आमच्याकडे देपालपूरला शेंगदाणा ओला राहिला की हिरवी-पिवळी बुरशी धरते. मुलगा म्हणतो ती यकृताला वाईट. खरं का? आम्ही निवडून, भाजून चटणीला वापरतो.

पेट्रीडिश

माई, मुलगा अगदी बरोबर सांगतोय. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृतात जाऊन डीएनएला चिकटतं आणि मघाशी लिहिलेल्या पी-५३ पहारेकऱ्यालाच ठरावीक जागी बिघडवतं. हेपेटायटिस बी असलेल्या माणसात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. भाजून ते पुरतं जात नाही. बुरशी धरलेले दाणे टाकून द्या, जनावरांनाही घालू नका, दुधातून परत येतं. पुढच्या वेळी दाणे चांगले वाळवून मगच साठवा. आणि नातवंडांना बी ची लस झाली आहे ना, ते बघा.

शेतावरची_माई

आजच पोतं उपसते.

रामबागची_मृणाल

दहा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. सगळे प्रतिसाद मी आत्याला मोठ्यानं वाचून दाखवले. वैद्यताईंचा नमस्कार ऐकून ती रडली. मास्तरांच्या भागाकारावर गप्प झाली. मग स्वतःच उठली, गोळ्यांची बाटली आणि कॅप्सूलचं पाकीट पिशवीत घातलं आणि म्हणाली, चल, मीच सांगते.

डॉक्टर रागावले नाहीत. पाकिटावरचं सगळं वाचलं, लिहून घेतलं, सगळं बंद करायला सांगितलं आणि पुन्हा तपासण्या केल्या. महिन्यापूर्वी बिलिरुबिन १.६ होतं, ते २.८ झालेलं होतं. म्हणाले, गोळ्यांनी की आजारानं ते आता सांगता येणार नाही, पण या आकड्यावर मला नळी घालायची नाही, थांबू. आज पुन्हा केलं, १.९ आहे. गुरुवारची तारीख मिळाली आहे.

आता आत्याचे दोन प्रश्न. एक, पेशी आत्महत्या करते तेव्हा माणसाला दुखतं का? दोन, काढा बंद झाला, तर मी अण्णांना काय करून देऊ? पहाटे पाचला तिला अजूनही जाग येते.

जिरावण

मृणालताई, ‘आत्यांना अडवू नका’ हे मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. माझ्या बाबांनाही फॅटी लिव्हर आहे आणि तेही कसला तरी काढा घेतात. काल बाटलीचा फोटो काढला, सोमवारी डॉक्टरांना दाखवणार आहे. गुरुवारी रक्ताची किंवा कशाचीही गरज पडली तर निरोप टाका, मी सुदामा नगरातच राहतो.

वैद्य_शरयू

आत्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, आणि यात दोन्ही शास्त्रांचं जमतं. सिरॉसिसच्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही. रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं. म्हणून रात्री झोपण्याआधी थोडं खाणं द्यायचंच: दूध-पोळी, मुगाची मऊ खिचडी, शिरा. सकाळी उठल्या उठल्याही काहीतरी. उपास करू देऊ नका, एकादशीही नाही. प्रथिनं कमी करू नका, डाळ-दूध-पनीर चालतं. पोटात पाणी असेल तर मीठ किती ते डॉक्टरांना विचारा. पहाटे पाचची वेळ अजिबात वाया जाणार नाही.

पेट्रीडिश

पहिला प्रश्न माझ्या इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. नाही, आत्या, पानगळीत दुखत नाही. पुडे होतात, शेजारी उचलतात, यकृतात तर त्यासाठी कुप्फर पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बसलेल्याच असतात.

पण गुरुवारी जे होणार ते पुरतं पानगळीसारखं नाही. गाठीचं रक्त तोडल्यावर तिच्यातल्या पुष्कळ पेशी पहिल्या तऱ्हेनं, फुटून मरतील. म्हणून नंतर काही दिवस ताप येऊ शकतो, उजवीकडे बरगडीखाली दुखतं, मळमळतं, भूक जाते. बरेचदा होतं आणि उतरतं. घाबरू नका, पण ताप चढत राहिला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं किंवा अण्णा गोंधळल्यासारखे बोलायला लागले तर वेळ न घालवता कळवा. कुठलीही तापाची गोळी घरातली देऊ नका, विचारून द्या.

नर्मदाजळ

गुरुवारी सकाळी लवकर उठून तुमच्यासाठी नर्मदेला दिवा सोडते.

रामबागची_मृणाल

आत्यानं पेट्रीडिशचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला, चार धोक्यांखाली लाल पेनानं रेघ मारून. नवा थर्मामीटर आणलाय. रात्रीच्या शिऱ्यासाठी रवा भाजून बरणीत भरून ठेवलाय. अण्णा विचारत होते, आज काढा नाही का? ती म्हणाली, नाही, शिरा आहे.